मंगफमध्ये डिसेंबर

दाताच्या दवाखान्यातून फुकट मिळालेलं कॅलेंडर.
जानेवारीतच हेमलतानं त्याचं शेवटचं पान वर काढलं
आणि मग उलटलंच नाही.
वर्षभर आमच्या भिंतीवर डिसेंबर आहे.
काळ्या डोंगरावर हिरवा उजेड,
कुणी ओलं लुगडं झटकावं
आणि ते वाऱ्यातच राहावं, तसा.
भाड्याची तारीख, दुधाचा हिशोब
ती त्याच पानावर लिहिते
आणि मी दर महिन्याला वार चुकतो.

बाहेर पारा एकोणपन्नास.
गच्चीवरच्या टाकीतून पाणी असं उतरतं
की आंघोळीचं रात्रीच बादलीत काढून निववावं लागतं.

माझं काम ज्योतीचं.
रिफायनरीच्या उंच नळीवर जी आग जळते
तिला धूर येऊ द्यायचा नाही, विझू द्यायचं नाही.
चोवीस वर्षं खाली मान घालून
काट्यांवर तिचा श्वास वाचतो.
तिच्यामुळे आमचं आकाश मध्यरात्रीही तांबूस.
ते बघायला कुणी तिकीट काढून येत नाही.
एकदा म्हटलं, उजेडच बघायचा तर गच्चीवर चल.
म्हणाली, तो तुमच्या हजेरीपटावरचा.
मला असा बघायचाय
ज्याला कुणी कामाला लावलेलं नाही.

मार्चमध्ये तिची भिशी लागली.
आधीच्या भिशीचा कुडाळच्या घरावर स्लॅब पडला,
त्याआधीची तिच्या आईच्या गुडघ्यात बसली.
ही आकाशाची, म्हणाली,
आणि नोटा मोजून परत मोजल्या.

व्हिसाच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं,
तुम्ही परत याल याचा पुरावा?
मी कंपनीचं पत्र दिलं.
हेमलतानं भाडेपावत्या पुढे सरकवल्या,
चोवीस वर्षांच्या, रबर लावलेल्या,
जणू सातबारा.
परत म्हणजे कुठे, ते मुलीनं विचारलं नाही.
अर्जात तेवढी जागाही नव्हती.

सहलवाल्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय,
ढग आले तर उजेड दिसणार नाही,
पैसे परत मिळणार नाहीत.
मी चष्मा लावून तिला दोनदा वाचून दाखवलं.
संकष्टीला इथे धुळीत चंद्र दिसतो का?
तरी घड्याळ बघून सोडतेच ना मी उपास.

कोट ऑगस्टमध्ये घेतले, निम्म्या किमतीत.
तिचा पोटऱ्यांपर्यंत, माझ्या बाह्या बोटांपुढे चार अंगुळं.
पण थंडी अडेल का, हे मंगफमध्ये कळणार कसं?
म्हणून शुक्रवारी शुवैखला गेलो,
नजीर परकारच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये.
दापोलीचा नजीर, पोटात कळ येईपर्यंत हसला,
मग स्वतःच्या हातानं तिची टोपी कानांवर ओढली.
वहिनी, दहाच मिनिटं. माल बिघडला तर माझी नोकरी.

उणे अठरा.
दोन्ही बाजूंना छतापर्यंत ब्राझीलच्या कोंबड्या.
नाकातले केस काट्यासारखे उभे.
हेमलता मधोमध उभी राहिली, बोलली नाही,
तोंडातून वाफ सोडून बघत राहिली ती कुठवर जाते.
तेवढ्यात टोकाला एक फोर्कलिफ्ट वळली.
तिच्या डोक्यावरचा हिरवा दिवा
धुक्यात शिरला, पसरला,
खोक्यांवरून छताकडे सरकला, डुलला,
आणि गेला.
मी तिच्याकडे बघितलं.
ती अजून वरच बघत होती,
पापण्यांवर पांढरं बारीक काहीतरी.

दार उघडलं तशी उन्हाची भट्टी अंगावर आली.
माझा चष्मा दाट आंधळा झाला.
गाडीची कडी रुमालानं धरून
ती आत बसली, कोटासकट,
आणि बराच वेळ पायांची बोटं हलवून बघत होती.

मोजे कमी पडतील, म्हणाली.
अजून दोन जोड लागतील.