लाकडातून बाहेर

जुबैलला माझं काम कोपरे कापायचं.
वाफेच्या पाइपवर लोकर, लोकरीवर ॲल्युमिनियमचा पत्रा,
व्हॉल्व्हला पत्र्याचीच पेटी.
पेटी नीट मिटायची तर चारी कोपरे
कात्रीनं आत घ्यावे लागतात, सूतभरही जास्त नाही.
सोळा वर्षं झाली. तळहाताला घट्टे आहेत त्याचे.

म्हणून सकाळच्या सेफ्टी मीटिंगला
मॅकॅलम साहेब लालबुंद होऊन ओरडले,
समबडी हिअर इज कटिंग कॉर्नर्स,
तेव्हा मी हात वर केला.
मी सर. ऑल कॉर्नर्स, मी.

दीडशे माणसं हसली.
नेपाळी हसले, पेशावरचे हसले,
ज्यांना कळलं नव्हतं तेही हसले, साहेब हसतोय म्हणून.
तसा मीही हसलो.
रात्री खोलीत इसाक परकारनं सांगितलं,
भैरू, पाट्या टाकणं म्हणतो ना आपण, ते.
सोळा वर्षांत मी एकही पाटी टाकलेली नाही.

मग वही केली, पगाराच्या स्लिपा पाठकोऱ्या शिवून.
कॉल इट अ डे : रात्री दोन वाजतासुद्धा म्हणतात. कात्री ठेवायची.
पीस ऑफ केक : केक मिळत नाही. हातचा मळ.
अंडर द वेदर : अंग कसकसतंय. इथं पन्नास डिग्रीत
सगळेच वेदरच्या खाली, तरी रजा एकालाच.
इसाक खेडचा, दहावी पास, साहेबाशी फडाफडा बोलायचा.
मी म्हणायचो, अरे शब्द तर मला सगळे येतात,
केक, दिवस, हवा, कोपरा.
हे लोक शब्दांना कामाला जुंपतात
आणि स्वतः भलतीकडंच निघून जातात.
तो भात कालवता कालवता म्हणायचा,
आणि तुझ्या पोटात कावळे ओरडतात,
ते कुणी बघितलेत?

शटडाउनच्या अकराव्या रात्री
परांचीवरून इसाक खाली आला.
एक क्लॅम्प कुणी आवळलाच नव्हता.
कुणीतरी कोपरा कापला होता.

हॉस्पिटलात सिस्टर बाहेर आली, मास्क खाली केला,
ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट.
वही खोलीवर.
विचारायचं ज्याला, तो आत.
वूड म्हणजे लाकूड, एवढं येत होतं मला.
लाकडातून बाहेर नाही.
दम्मामच्या कार्गोत मी एकदा सही करायला गेलो होतो,
आमच्या तालुक्यातल्या एका वेल्डरसाठी.
प्लायवुडची पेटी, वर नाव, वजन, फ्लाइट नंबर.
कोपरे बरे जुळवले होते, माझं लक्ष तिथंच जातं.
म्हणजे घातलासुद्धा इसाकला?
मग 'येट' कशाला म्हणाली?
त्या एका येटला धरून
मी प्लास्टिकच्या खुर्चीत रात्र काढली.

फजरची बांग झाली. तीच सिस्टर आली,
आउट ऑफ द वुड्स, म्हणाली, नॉट गायब.
मी उभा राहिलो. सिस्टर, व्हिच वूड?
ती हसली नाही. असं पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.
जंगल, ती हिंदीत म्हणाली. जंगल से बाहर आ गया.
खिडकीतून वाळू दिसत होती, तेलाच्या टाक्या,
लांब फ्लेअरची ज्योत.
नजर जाईल तिथवर एक बाभूळ नव्हती.

मग खेडला फोन लावला.
जैबूभाभीनं पहिल्या रिंगलाच उचलला.
मी रात्रभर इंग्रजीशी झटलेला,
तोंडाला येईल ते बोललो,
भाभी, जिवावरचं होतं, बोटावर निभावलं.
अल्लाचे शुकर, ती म्हणाली, रडली,
पोरांना उठवून सांगायला लागली.
ती अर्थ समजली.
मी शब्द बोललो होतो.
उजव्या हाताची दोन, अंगठ्याशेजारची.