मानधन

कॉलरचं माप सांगतो, त्यावरून लागेल हिशेब.
एकोणिसाव्या वर्षी ओलोरोंला उतरलो तेव्हा एकोणचाळीस.
क्लबची शिवणकामं करणाऱ्या मादाम लाबार्थनी
टेप फिरवली, हसल्या, म्हणाल्या, "भरेल."
भरली. त्रेचाळीस, सेहेचाळीस, पन्नास.
लग्नातला शर्ट त्यांनी मागून उसवून दिला,
फोटो समोरूनच काढले.

करार मी वाचला नव्हता.
चीजचा कारखाना असलेले अध्यक्ष बोट ठेवत गेले,
मी नाव लिहीत गेलो, आमच्या गोल गोल जॉर्जियन अक्षरांत,
इथे, इथे, आणि हो, इथेही.
मानधन म्हणजे काय ते नंतर कळलं:
मान माझी,
धन महिन्याच्या पाच तारखेला.

लोक विचारतात, भरलेलं मैदान कसं दिसायचं.
मला काय ठाऊक.
तीन नंबरच्या माणसाला दिसतं ते गवत.
डिसेंबरचं राखाडी, मार्चचं चिखल झालेलं,
कुणाची तरी तुटलेली नाडी, एक गांडूळ,
दोन संघांच्या मधून आपल्या कामाला निघालेलं.
वाका. धरा. भिडा.
आणि सोळा माणसांचं वजन
माझ्या मणक्यांना रस्ता विचारत जायचं.

अकरा हंगामांत एक ट्राय.
चेंडू माझ्याखाली आला की मी चेंडूवर पडलो,
यावर अजून वाद आहे.
रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, जेवलास का?

तिचा चेंडू वेगळा.
आमच्या गुरियात, ईस्टरला, सोळा किलोचा,
आत माती, वर वाइन शिंपडलेली.
वरची आळी आणि खालची आळी
तो आपापल्या ओढ्याकडे ढकलत नेतात. नियम नाहीत.
जिंकणारे तो ठेवतात त्या वर्षी गेलेल्या कुणाच्या थडग्यावर.
सोळाव्या वर्षी मी तो वडिलांच्या थडग्यावर ठेवला.
वाकलो होतो तेव्हा मागून कुणीतरी
पाहुण्या प्रशिक्षकाला म्हणालं, याची मान बघा.

गाएताँ लारूदे. एक नंबर, दुसऱ्या संघाचा.
वर्षातून दोनदा, नऊ वर्षं,
त्याचा उजवा कान माझ्या उजव्या कानाला.
ज्येष्ठमधाची गोळी आणि कापूर.
जोर लावायच्या आधी तो निमिषभर श्वास रोखायचा,
तेवढ्यात मी बोटभर आत शिरायचो.
आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी कुणाचंच ऐकलं नाही,
हे माझी बायकोही सांगेल.
बोलणं म्हणाल तर एकदाच. तो म्हणाला, "सावकाश."

मग फेब्रुवारीत, एका बिनमहत्त्वाच्या शनिवारी,
मान म्हणाली, बास.
आवाज मोठा नव्हता, वाळकी शेंग फुटावी तसा.
डावा हात सहा मिनिटं माझा नव्हता.
ती सहा मिनिटं मी उताणा, आकाश बघत.
एवढं सगळं मैदानाच्या वर असतं,
कुणी बोललं नव्हतं.

निरोपाला अध्यक्षांनी चार किलोचं चीज दिलं
आणि माझी जर्सी, काचेआड.
आता त्यांच्याच तळघरात चीजची चाकं उलटवतो.
दर दोन दिवसांनी, एकेक, वाकून.
जमतं.

परवा पो शहरात, इस्पितळात,
शेजारच्या खुर्चीत कुणी येऊन बसलं.
मला वळून बघता येत नाही,
अख्खा माणूसच वळवावा लागतो.
त्यालाही जमत नसावं.
ज्येष्ठमध. कापूर.
मग एक श्वास, किंचित रोखलेला.

"लारूदे," मी समोरच्या कॅलेंडरला म्हणालो.
"कालांदाद्झे," तो त्याच कॅलेंडरला म्हणाला.
"उजव्या बाजूला ये. डाव्या कानाचं काही खरं नाही."

उठलो. खुर्ची उचलली,
तोंड उलट दिशेला करून त्याच्या उजवीकडे लावली.
कानाशी कान.
"हं," तो म्हणाला, "आता सांग."

नर्सनं हाक मारली ती नेमकी कुणाला,
दोघांनाही ऐकू आलं नाही.