एक रेघ, सही, वेळ

पुस्तक मिटा जरा.
शॉकचं प्रकरण उद्याही तिथेच असेल.
आज मी माझी एक चूक शिकवणार आहे,
परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही.

मे महिना. पुरुषांचा सर्जरी वॉर्ड.
कूलरची खस वाळून पिवळी पडलेली,
मोटार नुसतीच गरम हवा ढकलत होती
रात्री दोनलासुद्धा.
खाटा छत्तीस, मधल्या वाटेवर गाद्या आठ,
नातेवाईक व्हरांड्यात ओले दुपट्टे पांघरून,
आणि आम्ही दोघी.
मी दुसऱ्या वर्षाची,
आणि गजभिये सिस्टर, ज्यांच्या चपलांचा आवाज यायचा नाही.

खाट अकरा. सोनबाजी नेवारे,
कळमन्याच्या बाजारात हमाल.
अल्सर फुटला होता, संध्याकाळी पोट उघडून शिवलं.
नाकात नळी, पोटात नळी, लघवीला नळी,
तोंडाला मात्र पाणी नाही.
"घोटभर दे न वं, पोरी."
मी ओला गॉज ओठांवरून फिरवला.
पुन्हा तेच. चादर ओढायचा, उठून बसू बघायचा.
मी मनात म्हटलं, त्रासदायक पेशंट.
हे दोन शब्द वहीत लिहून घ्या
आणि लगेच त्यांच्यावर काट मारा.

नाडी बाराला अठ्ठ्याऐंशी,
एकला शहाण्णव, दोनला एकशे दहा.
बीपी छान होतं.
मी छान असलेल्याकडे बघत राहिले.

लघवीची पिशवी खाटेखाली,
वाकावं लागलं असतं.
माझी कंबर तेव्हा एकोणीस वर्षांची होती,
तरी नाही वाकले.
दोनच्या रकान्यात लिहिलं, चाळीस मिली.
आधी दोनदा चाळीसच होती ना.

सिस्टर आल्या. चार्ट उचलला नाही.
चादर सारली, त्याचे दोन्ही पाय
हातात धरले, बराच वेळ.
"इकडे ये. हात लाव."
माठाच्या बुडासारखे गार.
"मे महिन्यात, नागपुरात,
कोणाचे पाय थंडे असते वं?"

उत्तर मला पाठ होतं, पान आणि ओळीसकट.
रक्त कमी पडलं की शरीर आधी कडेची घरं बंद करतं,
मधला दिवा जळता राहावा म्हणून.
बीपी सगळ्यात शेवटी खोटं बोलणं थांबवतं.
त्याच्या कितीतरी आधी माणूस सांगत असतो,
तहानेनं, चादर ओढून.
पाठ होतं सगळं. हातांना नव्हतं.

त्या वाकल्या.
पिशवीत तासाभराचे बारा मिली.

मग डॉक्टर धावत, रक्ताची पिशवी,
एक चाक तिरपं जाणारी ट्रॉली,
आणि लिफ्टच्या दारात त्याचा भाऊ,
त्याला काय विचारावं तेच सुचत नव्हतं.
तीन वीसला तो आत गेला.

खाट अकरा रिकामी.
मी कपाटात व्हाइटनर शोधत होते.
"ठेव ते," सिस्टर म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं.
"एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाह्यजे.
बाजूले खरं लिही. सही. वेळ."
रेघ वाकडी आली.
चाळीस अजून दिसत होतं तिच्याखालून.

तो वाचला. हे सांगायचं मी टाळणार होते,
कारण वाचला नसता
तरी चूक तेवढीच होती.

सहाव्या दिवशी त्याला वारा सरला,
आणि शेजारच्या चार खाटांनी टाळ्या वाजवल्या.
तोंडानं पाणी सुरू, डॉक्टर म्हणाले, तीस मिली.
तासाला तेवढी तरी लघवी हवी,
हा आकडा तुम्हाला ठाऊक आहे.
औषधाच्या कपात मी तीस मिली मोजलं,
कप डोळ्यांसमोर धरून, रेषेला रेष लावून.
त्यानं ते तीन घोटांत प्यायलं
आणि रिकामा कप परत दिला.
"एवढंच?"

एवढंच.
चला, एप्रन घाला.
आणि वॉर्डात शिरल्यावर
आधी वाका.