दुसरी

"दुसरी आणायची म्हणतो," आप्पा जेवता जेवता म्हणाले
आणि आईची पळी वरणातच थांबली.
"बंदूक गं. पहिलीचा घोडा अडकतो."

सराफ बाजारात एका पेढीवर त्यांची रात्रपाळी.
स्वतःची बंदूक असेल त्याला महिना दोन हजार जास्त.
घोडा अडकला की ते दोन हजारही अडकले,
आणि वेळ काय सांगून येते?
घरात दुसरा सिलिंडर आहे,
दुसरा चष्मा आहे, एक काडी सुतळीनं बांधलेला,
नळाला पाणी येतं तरी दोन पिंपं भरलेली असतात.
परवान्यावर दुसरीची जागा कोरी होती,
बावीस वर्षं.

हिशोबाला म्हणून मी सोबत गेले.
रविवार कारंजावरून आत वळलं की ताहेरभाईंचं दुकान.
दर्शनी भागात गळ, टॉर्च, कुत्र्यांचे पट्टे,
आत काचेच्या कपाटात बंदुका,
सगळ्यांमधून एकच साखळी ओवलेली,
जत्रेत चुकू नये म्हणून
एकमेकींचा पदर धरून उभ्या राहिलेल्या बायकांसारख्या.

"ही बेल्जमची. हात लावू नका, हात लावला की किंमत वाढते."
"ही दुनळी, वणीकडच्या पाटलांची.
पाटील गेले. मुलं पुण्याला, अकराव्या मजल्यावर.
तिथं बिबट्या लिफ्टनं येणार का?"
"आणि ही एकनळी. नाव नाही, नक्षी नाही.
पण बोलावलं की येते."

आप्पांनी ती मोडली,
नळी रस्त्याच्या उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटला.
मग मला म्हणाले, बघ.
पलीकडच्या टोकाला रुपयाएवढं नाशिक होतं:
अर्धी केळ्यांची गाडी,
चहाचा एक ग्लास आणि तो धरणारी बोटं,
आणि शाळेच्या गणवेशातला एक पोरगा,
नाकात बोट घालून थेट माझ्याकडे बघणारा.
मी नळी खाली केली.

सोळा सांगितले, साडेतेराला तुटलं,
खोळ वरून फुकट.
ताहेरभाईंनी नोंदवहीत नंबर लिहिला, सही घेतली, शाई टिपली,
आणि सोयरीक जमल्यासारखा चहा मागवला.

नाशिकरोडच्या बसमध्ये कंडक्टरनं खोळीकडे बघून विचारलं,
"सतार का, आजोबा?"
"तसंच काहीतरी."
"वाजवता?"
"वाजवायची वेळ येऊ नये, म्हणून तर घेतली."
त्याला काही कळलं नाही. त्यानं दोन तिकिटं फाडली.

आईनं तिला पिठाच्या डब्यामागे जागा दिली.
पहिलीच्या खुंटीशेजारी नको, म्हणाली.
टिळ्यांची सून दारातून वाकून विचारून गेली,
"आप्पांनी दुसरी आणली म्हणे?"
गल्ली आठवडाभर हसली.
आप्पा दर रविवारी दोघींना तेल लावत,
आधी पहिलीला.

मग निवडणूक लागली.
एक पत्र आलं, हत्यारं जमा करा.
आप्पा दोन्ही खांद्यांवर दोघींना घेऊन ठाण्यात गेले
आणि एक कागद घेऊन परतले.
त्यावर दोन नंबर, एक शिक्का,
आणि आडनावात चूक.

पेढीच्या मालकांनी त्यांना काठी दिली, शिट्टी दिली,
आणि दोन हजार कापले.
बंदूक नाही तर जादा कशाचे?
त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

त्या पहाटे ते घरी आले.
चपला काढता काढता त्यांचा हात सवयीनं खुंटीकडे गेला,
रिकाम्या खुंटीला क्षणभर धरून राहिला,
मग त्यांनी तिच्यावर टोपी अडकवली.
शिट्टी गळ्यात तशीच होती, पांढऱ्या दोरीत.
एकदा वाजवून बघितली. आतला मणी जरा अडखळला.

"कारंजावर जाशील तेव्हा," म्हणाले,
"अजून एक घेऊन ये.
अडली तर असावी."

मी गेले. पंधरा रुपये.
घासाघीस केली नाही.