व्हेअर विसरू नकोस

साखर पेठेतल्या बिडी पतसंस्थेचा सर्व्हर
गेला एप्रिलातल्या मंगळवारी, दुपारी तीनला.
पंख्यात तंबाखूची भुकटी साचलेली,
बाहेर चव्वेचाळीस, आत त्याहून जास्त.
डिस्क दोनदा टकटकली आणि गप्प झाली,
लाईट गेल्यावर शेजारचे माग होतात तशी.

सचिव येमूलकाका म्हणाले, "बॅकअप आहे ना?"
मी हो म्हणालो.
हो म्हणणं आणि बॅकअप असणं
यातलं अंतर रात्री कळलं.

नवं मशीन, कोरं. लिनक्स चढवलं,
पॅकेजं उतरवताना नेट चारदा तुटलं.
मग काळा पडदा, लुकलुकणारी पांढरी काडी:
क्रिएट डेटाबेस. ग्रँट. एक्झिट.
उलटा बाण, फाईलचं नाव,
एंटर.

पहिल्याच मिनिटाला छाट.
हप्ते पुढं आले होते, सभासद मागं राहिले होते,
आणि डेटाबेस प्रत्येक हप्त्याला विचारत होता, तू कुणाचा?
गोदामात चेकर कट्ट्यातून बिडी उपसून फेकतो
तशा ओळी फेकत गेला.
मी तपासणीच बंद केली.
आत तर येऊ दे सगळ्यांना,
नाती मागून लावू.

अडीचला शेवटची ओळ उतरली.
मोजणी जुळली, चार हजार एकशे अठरा.
रकमा पैशापर्यंत बरोबर.
नावांच्या जागी

?????? ???????

सहा वर्षांपूर्वी स्क्रिप्टमध्ये
कॅरेक्टर सेटचा एक शब्द लिहायचा राहिला,
माझ्याकडूनच.
तेव्हापासून रोज रात्री अकराला ती
इमानदारीनं पैसे जपत होती, नावं पुसत होती.
काकांना सांगितलं. बराच वेळ पान जमवत बसले,
मग म्हणाले, "संस्थेचंही तसंच चाललंय की."

सकाळी अंबव्वा चिलवेरी आली,
सुपात भिजवलेली पानं, वर कात्री.
तिला वाचता येत नाही.
"किती नंबर लावलाय मला?"
नऊशे बारा.
"मग तेराची माझी जाऊ नरसव्वा, वारली ती.
चौदा शमशाद बागवान.
खाती उघडली त्या दिवशी ह्याच रांगेत उभ्या होतो,
उन्हात, चार तास. विसरंन होय?"

ती पानं कापत सांगत गेली, मी टाइप करत गेलो:
अपडेट सभासद, सेट नाव,
व्हेअर क्रमांक इतका इतका.
एकदा व्हेअर विसरलो.
एंटर दाबलं, आणि चार हजार एकशे अठरा बायका
एका दमात शमशाद बागवान झाल्या.
माझ्या पाठीतून घाम उतरला.
अंबव्वा हसली.
"मालकाला तर आम्ही सगळ्या 'ए बाई'च, बाळा."

नशीब, ट्रान्झॅक्शन उघडंच होतं.
रोलबॅक.

संध्याकाळपर्यंत एकसष्ट नावं झाली.
उद्या तिची बहीण येणार, परवा नीलम नगरच्या बायका.
नऊशे एकतीस मात्र कुणालाच आठवेना.
तीन महिने आली होती म्हणे,
खात्यात तीनशे चाळीस रुपये.
तिथं मी नल ठेवलं. प्रश्नचिन्ह नाही, नल.
काकांना दोन्हीतला फरक सांगायला गेलो,
मलाच नीट सांगता आला नाही.

स्क्रिप्ट दुरुस्त केली.
आता दर रविवारी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघतो,
नावं उघडून वाचतो, मोठ्यानं.

जाताना अंबव्वा दारातून परत फिरली.
"ती एकतीसवाली," म्हणाली,
"उजव्या हाताला सहा बोटं होती तिच्या."
त्यासाठी माझ्याकडं रकाना नाही.