चालतंय

सकाळी सव्वासहाला, महाप्याची रात्रपाळी सुटता सुटता,
दिवाळ्याहून फोन.
धाऊ कोळी जाळ्याच्या गाठीसारखा बोलतो,
घट्ट आणि थोडकं:
"पानी खं गेला रं?"

पाणी खाडीतच होतं.
गेलं होतं पान.

मच्छीमार सोसायटीच्या टेबलाखाली
बर्फाच्या पावत्यांच्या गठ्ठ्याला टेकून
एक म्हातारा संगणक घरघरतो. मीच बसवलेला.
त्याच्यावर एकच पान:
आजची भरती, आजची ओहोटी,
तिथीची पाऊणपट करून धाऊनं काढलेली.
अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन.
आणि खाली त्याची स्वतःची दुरुस्ती:
पुलाचे खांब पडल्यापासून पाणी वीस मिनिटं उशिरा वळतं.
हे कुठल्याच छापील कोष्टकात सापडणार नाही.

पहाटे मशीननं आपणहून अपग्रेड घेतलं.
नवं पॅकेज आलं, त्यानं आपली वळकटी सोडली,
आणि माझ्या फाइलच्या जागी
त्याच नावाची स्वतःची फाइल अंथरली.

आता पडद्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत दोन शब्द.
मी धाऊला अर्थ सांगितला:
"चालतंय, असं लिहिलंय."
"काय चालतंय?"

आधी वाटलं, त्यानं विचारलं असणार,
तुमची ठेवू की आमची घालू,
आणि टेबलाखाली त्या वेळी फक्त मांजर होतं.
शिवाय "सगळ्याला हो म्हण" ही ओळ माझीच,
गेल्या गणपतीत, घरी पाहुणे यायचे म्हणून घाईत खरडलेली.
मग माहितीपत्रक नीट वाचलं.
त्यानं विचारलंच नव्हतं.
सेटिंगबद्दल ते विचारतं, मजकुराबद्दल नाही.
तो फोल्डर पॅकेजच्या मालकीचा,
वापरकर्त्यानं तिथं आपलं काही ठेवू नये.

हा सूर ओळखीचा होता.
आमच्या शिरवण्याच्या घरात, आबांच्या ट्रंकेत,
एक पिवळा कागद आहे सत्तरच्या सालातला,
त्यातही कुणी ओरडत नाही.
घर तुमचं असेल. सदरहू जागा नाही.

बॅकअप?
बँकांचे घेतो की रोज रात्री.
तीन ठिकाणी, त्यातला एक हैदराबादला.

भरतीचं पुन्हा मांडता येईल, पाढाच तो.
पण त्या पानाच्या पोटात,
जी ओळ ब्राउझर वाचतो पण दाखवत नाही,
अशा एका ओळीत मी लिहिलं होतं:
"आज नमीबाय गेल्या. धाऊनं वेळ सांगितली नाही.
कालचीच ठेवली आहे."
धाऊला हे माहीत नाही.
कुणालाच नाही.
तीन वर्षं ती ओळ रोज सकाळी
पन्नास-साठ फोनवर न दिसता उतरत होती.

घरी न जाता बेलापूरला उतरलो.
धक्क्यावर होड्या नव्हत्या,
त्या पाणी बघून केव्हाच गेल्या होत्या.
धाऊ एकटाच, पाय सोडून, सुईत दोरा ओवत.
"लिव," म्हणाला.
अष्टमी, नवमी, दशमी.
पुलाशी आल्यावर थांबला, खाडीकडे बघितलं.
"वीस नको लिवू. आता पंचवीस झाली."
मी खोडलं.

नवा फोल्डर केला, सोसायटीच्या नावानं,
पॅकेजला पत्ता नसेल अशा जागी.
मग पोटातली ओळ लिहायला घेतली
आणि तारीख आठवेना.
त्याला विचारावं तर लागणार होतं.
त्यानं दोरा दातांनी तोडला,
गाठ ओढून बघितली,
आणि म्हणाला, "आजूक काय ऱ्हायलाय?"