दिवसातून दोनदा

आमच्या बागेत सहाशे दहा पपनसाची झाडं,
हाम लुओंग नदीच्या चिखलात पाय रोवून उभी,
आणि खिएमला त्यातलं एकही फळ चालत नाही.

व्यापाऱ्याला हे सांगितलं तर तो हसला.
त्याला वाटलं, भाव वाढवायला गोष्ट रचतेय बाई.

कावीळ त्याला आईकडून आली, जन्मतानाच.
चाळीस वर्षं यकृतात गप्प बसून राहिली,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी.
मग एका नववर्षाच्या आधी
डोळ्यांत हळद उतरली, पोट घागरीसारखं भरलं.

दिएपने कुणाला विचारलंच नाही.
सायगॉनला जाऊन रक्त तपासून आली,
चपला काढता काढता म्हणाली, जुळतंय.
आता तिचा उजवा भाग त्याच्यात, उरलेला तिच्यात.
दोन्ही वाढतील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
छाटल्या झाडासारखे.

खिएम ऐकत होता.
बत्तीस वर्षं कलमं बांधली आहेत त्याने:
खुंटाला चीर द्यायची, डोळा बसवायचा,
पट्टी गुंडाळायची, एकवीस दिवस हात लावायचा नाही.
झाड विचारत नाही कुणाचा डोळा, कुठल्या गावचा.
माणसाच्या अंगाला मात्र रोज समजवावं लागतं.
सकाळी आठला एक गोळी, रात्री आठला एक:
ही आपलीच आहे रे, हिला हाकलू नकोस.

इस्पितळाने एक कागद दिला होता, काय खाऊ नये त्याचा.
मी तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवला, रोज वाचला.
त्यावर लिहिलं होतं: घोसाचं पपनस.
ते कुठलंसं परदेशी फळ,
घोसाघोसाने लागतं म्हणे.
आमची तर एकेकटी लागतात,
एकेक फांदी वाकवून.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला
मी बागेतलं सगळ्यात जड फळ सोललं.
वरचं साल, मग पांढरा कापूस, मग पाकळीची कातडी,
मिरची-मीठ लावून हातात दिलं त्याच्या.
चार फोडी. दुसऱ्या दिवशी सहा.
किती महिन्यांनी तो काही मागून खात होता!

आठवड्याने त्याला पट्टीची गाठ मारता येईना.
बोटं अशी थरथरत होती
जशी होडी गेल्यावर खांबाला बांधलेली दोरी.

रक्तातलं औषध तिपटीवर गेलं होतं.
डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं:
आतड्याच्या दारात एक जकातदार बसतो.
येणाऱ्या औषधातलं बरंचसं तिथेच काढून घेतो,
ते धरूनच गोळीचं माप ठरवलेलं.
पपनस त्या जकातदाराला झोपवतं.
दोनदोन दिवस उठत नाही तो,
आणि सगळा माल आत जातो, मूत्रपिंडांपर्यंत.

मग त्यांनी विचारलं, कुणी दिलं खायला?

दिएपने माझ्याकडे पाहिलं.
तिचा हात पोटावर गेला, जिथे तिचे टाके आहेत.
माझ्या तोंडात अजून त्या मिरची-मिठाची चव.

खिएम म्हणाला, मीच चोरून खाल्लं.
मालकाने आपल्या बागेत चोरी केली, लिहून घ्या.

बाई हसल्या नाहीत. वेळेत आलात, एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर दिएपने कागदावरचा एक शब्द खोडला,
आणि वर लिहिलं, सगळी पपनसं.
खाली अजून लिहिलं, रसही नाही. मुरंबाही नाही.
आई, विचारल्याशिवाय काहीच नाही.
ती कधी इतक्या मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

आता फळं थेट होडीवर चढतात, घरात येत नाहीत.
फक्त साली ठेवते मी थोड्या.
आमच्याकडे त्या उकळून बायका केस धुतात,
माझी सासू धुवायची, मी धुते.

काल संध्याकाळी ओल्या केसांनी पायरीवर बसले
तर तो मागे येऊन बसला, अगदी जवळ,
गोळी घ्यायला अजून दहा मिनिटं होती.
काही बोलला नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता.

पुढच्या खेपेला विचारायला हवं बाईंना,
वास चालतो ना म्हणून.